तुरीचं तांबडं शेत

मागच्या वर्षी मी आजारी होते तेव्हा मला असं काहीतरी वाचायला हवं होतं, आणि मिळालं नाही. जे मिळालं त्यात शेवटी सगळे एकच म्हणायचे, आजाराने आम्हाला खूप काही शिकवलं. मला आजाराने काही शिकवलं नाही. त्याने माझं एक वर्ष खाल्लं आणि मध्ये काही महिने लाल आणि हिरवा हे दोन रंग नेले. मी चित्रकला शिकते. रंग नेले म्हणजे काय नेलं, ते वेगळं सांगायला नको.

मला लिहायची सवय नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे कुणाला वाचून दाखवावं असंही घरात कुणी नाही. वाक्यं चुकली असतील. गोष्टी चुकलेल्या नाहीत.

गाठ

आमचं गाव अनसिंगच्या बाजूला आहे. मी वाशिमला चित्रकलेच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते, रोज एसटीने जाऊन येऊन. सोयाबीन निघाल्यावर एक दिवस वेणी घालताना मानेच्या डाव्या बाजूला बोट अडलं. बोरीच्या बोराएवढी गाठ होती. आईने हळद लावली. महिन्याने ती आवळ्याएवढी झाली, संध्याकाळी कणकण यायला लागली, आणि मला ड्रेस ढिले होऊ लागले. आई म्हणाली, कॉलेजात डबा खात नसशील. मी खात होते.

सरकारी दवाखान्यात गाठीत सुई घालून पाणी काढलं. आठवड्याने मी आणि बाबा रिपोर्ट घ्यायला गेलो. डॉक्टर मॅडम तरुण होत्या. त्यांनी सरळ सांगितलं की टीबी आहे, पण गाठीचा आहे, फुफ्फुसाचा नाही. माझ्यापासून कुणाला लागणार नाही. सहा महिने गोळ्या, एकही दिवस चुकवायचा नाही. आणखी एक गोष्ट त्यांनी दोनदा सांगितली. डोळ्यांना अंधुक दिसलं किंवा रंग वेगळे दिसले, तर त्याच दिवशी येऊन सांगायचं.

हे शेवटचं मी ऐकलं होतं. ऐकलं नव्हतं असं मला म्हणता येणार नाही.

बाबांनी एकच प्रश्न विचारला, तोही बाहेर आल्यावर. "लोकायले काय सांगाचं?"

परतताना एसटीत माझ्या शेजारची जागा रिकामी होती, तरी बाबा पुढे जाऊन खिडकीशी बसले. मला वाटलं, लागण होईल म्हणून. मला इतका राग आला की मी उतरेपर्यंत त्यांच्या पाठीकडे बघत राहिले. उतरताना त्यांचे डोळे सुजलेले दिसले.

घरी ठरलं ते असं. बाहेर फक्त गाठ म्हणायचं, टीबी म्हणायचं नाही. ओढणी मानेवरून घ्यायची. माझ्या लग्नाचं अजून कुणी नावही काढलं नव्हतं, पण लपवायचं मात्र त्यासाठीच होतं.

मंगळवार

गोळ्या सुरू केल्या त्या दिवशी लघवी केशरी झाली आणि मी मोरीतून ओरडत बाहेर आले. गोळ्या घेऊन आलेल्या गावच्या आशाताई हसल्या. म्हणाल्या, औषधाचा रंग आहे, घाबरू नको. हे कुणी आधी सांगत नाही म्हणून मी इथे लिहितेय.

दर महिन्याला एका मंगळवारी बाबांसोबत दवाखान्यात जायचं. आधी वजन, मग तो लांब बाक, मग गोळ्यांची पाकिटं. बाकावर आम्ही दहाबारा जण असायचो. बाया पदर तोंडावर घेऊन, माणसं गमछे बांधून. कुणी कुणाशी बोलायचं नाही. एकदा एक काका माझ्याकडे न बघता म्हणाले, "कोन्ता महिना?" मी म्हटलं दुसरा. ते म्हणाले, "माह्या पाचवा. सरते." एवढंच. पण तो आठवडा मला सोपा गेला.

घरात आईने माझा पेला वेगळा केला. लागत नाही हे मी तिला दहा वेळा सांगितलं. ती हो म्हणायची आणि पेला वेगळाच ठेवायची. एक दिवस मी सगळ्यांसमोर माठावरच्या पेल्याने पाणी प्यायले आणि तो तसाच परत ठेवला. आईने पाहिलं. संध्याकाळी तिने त्याच पेल्याने पाणी प्यायलं, माझ्याकडे बघत. तेव्हापासून वेगळा पेला गेला. माझ्या आजारपणात मला मिळालेलं हे सगळ्यात मोठं औषध, असं मी म्हटलं तर डॉक्टर मॅडम रागावतील.

सर म्हणाले, धाडसी

मी कापडावर काम करते. हे मला कॉलेजात नाही, मोठीमायकडून आलं. मोठीमाय म्हणजे माझ्या बाबांच्या मोठ्या भावाची बायको. ती गावातल्यांच्या गोधड्या शिवते. घरात एवढी जागा नसते, म्हणून बुद्धविहाराच्या ओट्यावर कापड अंथरते, चार कोपऱ्यांवर दगड ठेवते आणि गुडघ्यांवर बसून कडेकडून मध्याकडे टाके घालत जाते. वर चांगली साडी, खाली चांगली साडी आणि मध्ये विटलेले थर. लहानपणी मी तिच्या बाजूला बसून चिंध्यांची माणसं करायचे. कॉलेजात गेल्यावर मी त्यावर रंगही लावायला लागले. सरांना ते आवडलं. त्यांनीच सांगितलं, हेच कर.

तिसरा महिना चालू होता तेव्हा मी तुरीचं शेत करत होते. मोठं काम होतं, बाजेएवढं. आकाश रंगवलेलं, शेत कापडाचं आणि दोऱ्याचं. हिरव्या दोऱ्याच्या लडी पुष्कळ लागल्या. निदान मला त्या हिरव्या वाटत होत्या.

वर्गात सगळ्यांची कामं मांडली होती. सर माझ्यापाशी थांबले आणि सगळ्यांना बोलावलं. म्हणाले, बघा, तूर आपण सगळे रोज बघतो, पण तिला तांबडं करायची हिंमत कुणी केली नाही. हे धाडस आहे. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

मी कामाकडे पाहिलं. मला हिरवं शेत दिसत होतं. थोडं मळकट, पण हिरवं.

मी हसले. धन्यवाद सर म्हणाले. मग बाथरूममध्ये जाऊन नळ सुरू केला आणि तसाच वाहू दिला, कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून.

त्याच दिवशी सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. सांगितलं तर गोळ्या बंद होतील, गोळ्या बंद झाल्या की गाठ परत येईल, परत पहिल्यापासून सहा महिने, असं मीच ठरवून टाकलं. आणि दुसरंही एक कारण होतं, ते लिहायला लाज वाटते. पहिल्यांदा कुणीतरी मला धाडसी म्हटलं होतं. ते खोटं आहे हे मला कुणाला सांगायचं नव्हतं.

जवळजवळ तीन आठवडे मी गोळ्या घेत राहिले आणि रंग ओळखायचं नाटक करत राहिले. दोऱ्याच्या लडीवरचे आकडे पाठ केले. हे वाचणाऱ्या कुणाला गोळ्या चालू असतील आणि रंग फिके दिसत असतील, तर हा कागद खाली ठेवा आणि आधी दवाखान्यात जा. उरलेलं नंतर वाचा.

अंदाज नको मारू

मला मोठीमायने पकडलं. विहाराच्या ओट्यावर बसली होती आणि मला म्हणाली, गाठोड्यातली लाल चिंधी दे. मी दिली. तिने हातात घेतली, उलटी करून पाहिली.

"मी लाल मांगतली. हिरवी कायले देली?"

मी म्हटलं, हीच तर लाल आहे. ती सुई टोचून ठेवून माझ्यासमोर सरकली. दोन चिंध्या दोन हातांत धरल्या आणि विचारलं, यातली कोणती लाल. मी एक दाखवली. ती म्हणाली, "खरं सांग व पोरी. अंदाज नको मारू."

मग मला रडू आलं आणि सगळं सांगून टाकलं. तिने गोधडी तशीच सोडली, दगडसुद्धा उचलले नाहीत, आणि मला धरून घरी आणलं. बाबांना म्हणाली, "लोकायचं मंग पाह्य. पोरीचे डोये चालले."

दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांनी ठिपक्यांचं पुस्तक दाखवलं. ठिपक्यांत आकडे लपलेले असतात. आई माझ्यामागे उभी होती आणि तिला ते सगळे दिसत होते. मला एकच दिसला. ती एकेक आकडा ओठांतल्या ओठांत म्हणत होती, जणू मला कॉपी पुरवत होती.

डोळ्यांना बाधणारी एक गोळी त्याच दिवशी बंद केली, बाकीच्या चालू ठेवल्या. गाठ परत येणार वगैरे मी जे ठरवलं होतं ते सगळं माझ्याच डोक्यातलं होतं. गाठीच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, उशीर केलास, पण फार नाही. मी विचारलं, रंग परत येतील का. त्या म्हणाल्या, बहुतेकांचे येतात. सगळ्यांचे नाही. त्या खोटं बोलल्या नाहीत म्हणून मला त्या अजून आवडतात.

मिरच्या

कॉलेज सुटलं. परीक्षेला बसता आलं नाही, वर्ष गेलं. रंगांची पेटी, दोरे आणि ते तुरीचं शेत, सगळं पत्र्याच्या पेटीत भरून बाजेखाली सरकवलं.

उन्हाळ्यात आईने अंगणात मिरच्या वाळत घातल्या होत्या. मी त्यांच्या बाजूला बसून दात घासत होते. आणि मला दिसलं की एक मिरची देठाकडे हिरवी राहिली आहे. बाकी सगळ्या लाल, ती एक तेवढीच अर्धी हिरवी. मी ती उचलून बाजूला ठेवली.

आता इथे मी लिहायला हवं की मी उडी मारली, आईला मिठी मारली. तसं काही झालं नाही. मी चूळ भरली आणि आत जाऊन झोपले.

औषधं संपली. गाठ बसली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी ठिपक्यांचं पुस्तक पुन्हा दाखवलं आणि मी एक सोडून सगळे आकडे वाचले. ते म्हणाले, बारीकशी कसर राहिली तरी राहू दे. सगळे म्हणायला लागले, आता बरी झाली, काढ आता चित्रं. मला ते ऐकलं की दार लावून घ्यावंसं वाटायचं.

रंग आले होते, पण माझा त्यांच्यावर विश्वास नव्हता. ओढणी घेताना आईला विचारायचं, ही हिरवीच ना. भाजी आणताना विचारायचं, टमाटा पिकला का. आई सुरुवातीला प्रेमाने सांगायची. नंतर चुलीपुढून न बघताच हो म्हणायला लागली. एकदा पेन्सिल हातात घेऊन पाहिली. तासभर बसले. एक रेघही काढावीशी वाटली नाही. भीती वाटत होती म्हटलं तर सोपं होईल. भीती नव्हती. काहीच नव्हतं. कोरडी विहीर असते ना, दगड टाकला तर फक्त दगडाचा आवाज येतो, तसं.

आई बाजेखाली झाडताना पेटीला अडखळली, तेव्हा मी म्हटलं, "फेकून द्या ते सगळं. मले नाही पाह्यजे." मोठीमाय तिथेच बसली होती. तिने ते ऐकलं.

मधला थर

पुन्हा सोयाबीन निघालं आणि सरांचा फोन आला. म्हणाले, दुसऱ्या वर्षाचं राहिलेलं काम तीन आठवड्यांत जमा केलं तर नाव चालू राहील, नाहीतर कमी होईल. मग स्वतःच म्हणाले, नवीन करायची तब्येत नसेल तर तुझं ते तांबडं शेत आण. ते चालेल. प्रदर्शनातही लावू.

मला सुटल्यासारखं झालं. खरंच सांगते. काही करायला नको, विचार करायला नको, पेटी उघडायची आणि न्यायचं. नाव कमी झालं तर बाबा परत पाठवणार नव्हते, हे मला माहीत होतं. मी पेटी ओढली. रंग होते, दोरे होते. शेत नव्हतं.

मोठीमाय विहारात होती. मी पळतच गेले. तिच्यासमोर शेलूबाजारला दिलेल्या तिच्या लेकीसाठी गोधडी अंथरलेली होती, अर्धी शिवून झालेली. मी विचारलं, माझ्या पेटीतलं मोठं कापड कुठे आहे. तिने टाका ओढला आणि हनुवटीने गोधडी दाखवली.

"मधात टाकलं. चांगलं मजबूत कापड होतं."

"ते माह्यं चित्र होतं, मोठीमाय."

"चित्र होतं तं पेटीत कायले कुजून राह्यलं होतं? तूच म्हनली ना फेकून द्या. घरातलं कापड फेकाले तू काय सावकाराची लेक लागून गेली?"

आमच्यात कापड फेकत नाहीत, हे मला माहीत होतं. विटलेलं, फाटलेलं, नकोसं झालेलं सगळं गोधडीच्या मधल्या थरात जातं. मी ते फेका म्हटलं होतं. तिने आमच्याकडची रीत केली होती. चूक माझी होती आणि तरी मला फार राग आला. तिच्या डब्यातलं ब्लेड घेतलं आणि शिवलेल्या कडेचे टाके कापायला लागले. तिने अडवलं नाही.

दोनेक हात उसवल्यावर वरची साडी बाजूला केली आणि मी थांबले.

डोळे बरे झाल्यावर ते काम मी पाहिलंच नव्हतं. आज पहिल्यांदा दिसलं. तूर तांबडी होती, जळल्यासारखी गर्द. मी तांबड्या मातीचा म्हणून केलेला धुरा, म्हणजे शेताचा बांध, शेवाळासारखा हिरवा होता. चित्र वाईट नव्हतं. सर चुकीचं बोलले नव्हते. कुणीही ते भिंतीवर लावलं असतं. पण त्यातला एकही रंग मी निवडलेला नव्हता. ते गोळीने केलं होतं, माझे फक्त हात वापरले होते. आणि त्याच्यावर मी पास होणार होते.

मोठीमाय म्हणाली, "मंग? उसवू आखीन?"

"नको. शिवून टाक."

ती बघतच राहिली. मी तिचं चिंध्यांचं गाठोडं ओढून घेतलं. तिने विचारलं, कोणते रंग काढून देऊ.

"मी पाह्यतो ना," मी म्हटलं.

जाताना ती मागून म्हणाली, "ते कापलेले टाके कोन घालन, तुह्या बाप?" मी परत बसले आणि दोन हातांचे टाके घातले. मग गेले.

बाक

सरांना फोन करून खरं सांगितलं. ते रंग कसे आले तेही. मला वाटलं आता ते दया दाखवतील, मुदत वाढवतील. ते म्हणाले, ठीक, मग नवीन आण, तारीख तीच आहे. मला ते बरं वाटलं.

मी दवाखान्यातला मंगळवार केला. मागची भिंत रंगवली, अर्धी तेलकट, अर्धी चुन्याची. पुढे लांब बाक आणि त्यावर अकरा माणसं, जुन्या साड्यांची, लुंगीची, शाळेच्या गणवेशाची. तोंडं झाकलेली, पण मान वर. कारण आमच्या माना कायम खाली असायच्या आणि मला त्याचा कंटाळा आला होता.

सोपं नव्हतं. संध्याकाळी लाल अजूनही मातकट होतो, म्हणून सकाळी उजेड आल्यापासून दुपारपर्यंतच शिवायचे. चौथ्या दिवशी एक चिंधी हातात धरून मी आईकडे वळले, तोंड उघडलं आणि बंद केलं. ती विचारायला लागली, काय व. मी म्हटलं, काही नाही. तो दिवस असाच बसून गेला. पाचव्या दिवशी मी ती चिंधी लावली. डोळा जेवढा परत आला आहे तेवढा माझा आहे, बाकीच्यासाठी मी थांबणार नाही, असं मी स्वतःशी म्हणाले. मोठ्याने म्हणाले असेन, कारण आईने आतून ओ दिली.

बाबांनी ते काम पाहिलं तेव्हा नऊ माणसं झाली होती. ते उभ्यानेच पाहत होते. म्हणाले, हे तं दवाखान्यातलं हाय.

"हो."

"लोकं वळखतीन."

"वळखू द्या, बाबा."

ते बाहेर निघून गेले. मला वाटलं, झालं, आता बोलणार नाहीत. थोड्या वेळाने आले आणि त्यांचा जुना चौकड्यांचा सदरा माझ्यापुढे टाकला. "मीबी तं बसत होतो ना तुह्या बाजूनं," ते म्हणाले. "मले कायले सोडलं?"

दहावा माणूस त्या सदऱ्याचा झाला. अकरावी मी.

जमा करायच्या दिवशी बाबाच काम खांद्यावर घेऊन एसटीने आले आणि कॉलेजच्या दारात थांबले. आत यायला तयार नव्हते. ओढणी मी गळ्यात घेतली होती, मानेवरून नाही. त्यांनी पाहिलं आणि काम माझ्या हातात दिलं.

सरांनी काम टेबलावर पसरलं. खूप वेळ वाकून पाहिलं. मग बोट ठेवून म्हणाले, "सरकारी दवाखान्यातला बाक असा लालभडक नसतो."

"नसतो, सर."

त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, "डोळे ठीक आहेत ना तुझे?"

"ठीक आहेत, सर. लाल आहे हे मला दिसतंय. मला लालच पाहिजे होता."

सरांनी काम उलटं करून मागच्या बाजूला सही केली आणि म्हणाले, बाजूला हो, भिंतीवर लावायचंय.